दलदलीचं मत

माझं नाव थँकफुल लूमिस. थँकफुल म्हणजे कृतज्ञ. कशाबद्दल कृतज्ञ, ते वडिलांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराळ बाजूला ईस्ट एल्डन म्हणून आमचं गाव आहे. वेस्ट एल्डन कुठेच नाही. ज्यांनी गाव वसवलं त्यांना वाटलं होतं की तेही लवकरच होईल. अशा आशावादी लोकांची आम्ही लेकरं.

वडिलांनी सराई आणि तिच्यामागची जमीन माझ्या नावावर केली, कारण माझे दोन्ही भाऊ देवीच्या साथीत गेले. नवरा वारला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून प्रवाशांना घेवडा आणि मक्याची भाकरी वाढणं, सायडरचे, म्हणजे सफरचंदाच्या दारूचे, पेले भरणं आणि गावच्या पुरुषांची राज्यकारभाराबद्दलची मतं ऐकून घेणं, हा माझा धंदा. सायडरचे पैसे मिळतात, मतं ऐकल्याचे मिळत नाहीत.

सगळ्यात जास्त मतं एलिफलेट ट्रास्ककडे होती. तो पिंपं बनवायचा. गिरणीच्या मागे भाड्याची एक पडवी, त्यात त्याचा रंधा, आकडे, वाकवलेल्या फळ्या. सतराशे सत्त्याहत्तर साली इंग्लंडच्या राजाच्या शिपायांशी लढताना त्याच्या गुडघ्यात गोळी शिरली ती तिथेच राहिली. चालताना लंगडायचा, पण गावसभेत उभा राहून बोलायला लागला की लंगडणं कुठल्या कुठे जायचं. लग्न केलं नव्हतं. सवड मिळाली नसावी.

त्याची कीर्ती अठ्ठ्याहत्तर सालीच पसरली होती. राजाला हाकलल्यावर बोस्टनमधल्या विधिमंडळाला वाटलं, आता आपली एक राज्यघटना असावी. मग त्या लोकांनी आपल्याच हातांनी, आपल्याच सत्तेचा हिशोब मांडून एक घटना लिहिली आणि आमच्याकडे मान्यतेला पाठवली. ट्रास्क सभेत उठला आणि म्हणाला, की जे राज्य करणार त्यांनीच राज्याचे नियम लिहायचे, म्हणजे कुंपणाला शेताची राखण सांगण्यासारखं आहे. नियम लिहायला वेगळी माणसं निवडा, लिहून झालं की ती घरी जाऊ देत, आणि मग गावोगाव विचारा. सगळ्या राज्यातल्या शेतकऱ्यांना साधारण असंच काहीतरी सुचलं होतं म्हणे, कारण ती घटना दणकून आपटली. पण ईस्ट एल्डनमध्ये आजही असं मानतात की ती ट्रास्कनेच पाडली.

मग बोस्टनवाले शहाणे झाले. नुसती घटना लिहिण्यासाठी एक वेगळी सभा निवडली गेली आणि ऐंशी सालच्या वसंतात तिचा मसुदा छापून गावोगाव आला. सोबत हुकूम, की एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक मुक्त पुरुषाने यावर मत द्यावं, मग त्याच्याकडे जमीन असो वा नसो. एकेका कलमावर चर्चा करावी आणि हरकती लिहून कळवाव्यात. जगात असं याआधी कुठे झालं नव्हतं. ज्याला आजवर कुणी काही विचारलं नाही त्याला विचारलं तर तो किती वेळ बोलतो, याचा अंदाज बोस्टनवाल्यांना नसावा.

आमच्या पाद्रीबाबांनी, अझराया टील यांनी, रविवारी प्रवचन संपल्यावर मसुदा वाचायला घेतला. प्रवचनाला दोन तास लागले होते, मसुद्याला तीन. बायकांना मत नव्हतं, पण ऐकायला मनाई नव्हती. किंबहुना रविवारी प्रार्थनाघरातून उठून जाण्याची मनाई होती. त्यामुळे मी ती घटना अथपासून इतिपर्यंत ऐकली. ज्यांनी पुढे मतं दिली त्यांच्यातले निम्मे झोपले होते.

पहिलंच कलम होतं, की सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. ते ऐकून कॅप्टन जोथम स्टर्जिस यांनी गंभीरपणे मान हलवली. कॅप्टन म्हणजे आमच्या गावचे पहिले पंच, गावच्या फौजेचे प्रमुख आणि नदीकाठच्या सगळ्या चांगल्या जमिनीचे मालक. त्यांच्या मालकीची आणखी एक गोष्ट होती, तिचं नाव ल्यूस. ती त्यांच्या घरी स्वयंपाक करायची आणि प्रार्थनाघरात गुलामांच्या माळ्यावर, जिन्याच्या तोंडाशी बसायची. मी सहज वर पाहिलं. ल्यूसही मान हलवत होती. पण कॅप्टनसारखी नाही. बाजारात एखाद्याने फार स्वस्त भाव सांगितला की आपण जशी हलवतो, तशी.

कलमं तपासायला पाच जणांची समिती नेमली गेली. लिहिता-वाचता येतं आणि बसायला वेळ आहे म्हणून ट्रास्क तिचा प्रमुख झाला. समिती माझ्याच सराईत बसायची. न्यायाधीश जन्मभरासाठी का नेमायचे, पाद्रीचा पगार करातून का द्यायचा, राज्यपालाला एवढे अधिकार कशाला, अशा बारा हरकती त्याने सुवाच्य अक्षरात लिहून काढल्या. मधेच एके दिवशी भर दुपारी आभाळ काळंकुट्ट झालं, इतकं की कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या. पाद्रीबाबा म्हणाले, पश्चात्ताप करा. कॅप्टननी मेंढ्या आत घेतल्या. ट्रास्कने माझ्याकडे मेणबत्ती मागितली आणि आठवी हरकत पुरी केली.

तेरावी हरकत त्याला त्यानंतर आठवड्याभराने सापडली. मी भट्टीतून भाकरी काढत होते. तो मोठ्याने वाचत होता, एक कलम वाचून झालं. मग तेच पुन्हा वाचलं. इथून पुढे निवडणुकीत मत देणाऱ्याकडे वर्षाला तीन पौंड उत्पन्नाची जमीन किंवा साठ पौंडांची मालमत्ता असली पाहिजे.

समितीतल्या लोकांनी ट्रास्ककडे पाहिलं. रंधा, आकडे, दोन कुऱ्हाडी, एक बंदूक आणि अर्धी गाय. गाय त्याची आणि त्याच्या भावाची मिळून होती. कुणीतरी विचारलं की गायीचा कुठला अर्धा तुझा, कारण दुधाच्या बाजूचा असेल तर साठ पौंड होतीलही. सगळे हसले. ट्रास्कही हसला, पण जरा उशिरा.

तसं पाहिलं तर राजाच्या काळातही अशी अट होती. चाळीस पौंडांची. पण आमच्या गावात कधी कुणी कुणाच्या खिशात हात घालून पाहिलं नव्हतं. आता राजा गेला, स्वातंत्र्य आलं आणि अट साठ झाली. लढाईने सगळ्याच गोष्टी महागल्या होत्या.

सभेच्या दिवशी मी पुरुषांसाठी सायडर घेऊन प्रार्थनाघराच्या दाराशी उभी होते, म्हणून ट्रास्कचं भाषण माझ्या कानांनी ऐकलं. तो म्हणाला, की आज हा कागद मान्य करायला माझा हात चालतो आणि मान्य केल्यावर तोच हात नालायक ठरतो, हे कसं. माझ्या गुडघ्यात शिसं आहे, ते मोजून किती पौंड भरतं ते सांगा.

कॅप्टन शांतपणे उठले. ते कधी आवाज चढवत नसत, त्याची गरज पडत नसे. म्हणाले, "ट्रास्क, तुमच्या शौर्याबद्दल कुणाला शंका नाही. पण ज्याच्यापाशी गमावण्यासारखं काही नाही, तो दुसऱ्याच्या मालमत्तेवर कर बसवायला मागेपुढे पाहत नाही. हा नियम तुमच्याविरुद्ध नाही. तुम्ही कष्ट करा, साठ पौंड मिळवा आणि या."

"तोवर?"

"तोवर आम्ही तुमची काळजी घेऊ."

हात वर झाले. त्या कलमाविरुद्ध एकेचाळीस, बाजूने एकोणीस. गावाने ठराव केला की हे कलम बदललं तर बाकी घटना आम्हाला मान्य आहे. ट्रास्कच्या तेरा हरकतींसह तो कागद बोस्टनला गेला. असे शेकडो गावांचे कागद गेले असतील. कुणाला हे कलम नको, कुणाला ते. बोस्टनच्या सभेने ते सगळे पुढ्यात घेतले, आणि 'बदललं तर मान्य' यातलं 'बदललं तर' सोडून बाकीचे शब्द मोजले. दोन तृतीयांश भरले. घटना मंजूर झाली. लोकांना विचारायचं ठरलं होतं, ऐकायचं ठरलं नव्हतं.

सप्टेंबरात राज्यपालाची निवडणूक होती. दाराशी कॅप्टन यादी घेऊन बसले होते. ट्रास्क स्वच्छ सदरा घालून आला आणि कॅप्टननी यादीवरून बोट फिरवून मान हलवली. म्हणाले, वाईट वाटतं, पण आता हा नियम तुमच्याच संमतीने झालेला आहे. त्या दिवशी त्याच्यासारखे तेवीस जण दारातून परत गेले. बाकीचे शेतात गेले. ट्रास्क सराईत आला आणि संध्याकाळपर्यंत एका पेल्यावर बसून राहिला. त्याला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते आणि मला ते पाहवेना.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. टोपी हातात, केस ओले करून बसवलेले.

"बाई, जरा सरळच बोलतो."

"बोला. तुम्ही वाकडं बोललात तर दुपार जाते."

"तुमच्याकडे मालमत्ता आहे पण तुम्ही बाई आहात. मी पुरुष आहे पण माझ्याकडे अर्धी गाय. दोघं एक झालो तर या राज्यात एक पुरा नागरिक होतो."

आजवर मला दोनदा मागणी आली होती. पहिला माझ्या डोळ्यांबद्दल बोलला होता, दुसरा सराईच्या छपराबद्दल. राज्यघटनेच्या आधाराने कुणी मागणी घालेल असं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला तो माणूस आवडत होता. पण लग्न झाल्याक्षणी सराई, जमीन, भट्टी, तव्यापासून पळीपर्यंत सगळं कायद्याने त्याचं होणार होतं. मी त्याला विचारलं, की तुम्हाला मत मिळावं म्हणून मी माझ्याच घरात पाहुणी व्हायचं का. त्याने प्रामाणिकपणे विचार केला. मग म्हणाला की हा मुद्दा त्याच्या ध्यानात आला नव्हता, आणि चौदावी हरकत म्हणून तो लिहायला हवा होता.

मी नाही म्हटलं. पण त्याला रिकाम्या हाताने पाठवणं जिवावर आलं. सराईच्या मागे ओढ्यापलीकडे माझी बारा एकर दलदल होती. तिथे बीवर हे दातांनी झाडं तोडणारे प्राणी ओढ्याला बांध घालायचे, डास जन्माला यायचे आणि चुकलेली वासरं मरायची. ती मी त्याच्या नावावर करून दिली. मोबदला म्हणून सहा पिंपं आणि एक अट. मत देण्याआधी त्याने मला विचारायचं.

"विचारायचं, की ऐकायचं?" त्याने विचारलं. बोस्टनकडून माणूस शिकतो.

"विचारून तर बघा," मी म्हटलं.

खरेदीखत घेऊन तो पंचांकडे गेला तेव्हा कॅप्टन गालातल्या गालात हसले. म्हणाले की त्या चिखलाची किंमत साठ पौंड काय, साठ बेडूकही नाही. तेव्हा मला स्वतः जावं लागलं. लढाईसाठी जादा कर बसवला होता त्या वर्षी याच कॅप्टननी माझ्या दलदलीची किंमत सत्तर पौंड लावली होती. मी तेव्हा भांडले होते, तर म्हणाले होते की बाई, जमीन ती जमीन. ती पावती मी त्यांच्यापुढे ठेवली. दलदल सत्तरची नसेल तर माझा कर परत करा, म्हटलं. कॅप्टननी पावती दोनदा वाचली, खिडकीबाहेर पाहिलं आणि ट्रास्कचं नाव यादीत लिहिलं. अक्षर मात्र फार बारीक काढलं.

इथवर सगळं गोष्टीत शोभेल असं झालं. पण ट्रास्क आता जमीनदार झाला.

हिवाळाभर तो दलदलीच्या काठाने लंगडत फिरत होता. मार्चमध्ये त्याने एक चर खणला. एप्रिलमध्ये कुंपण घातलं आणि माझी गाय तिकडे गेली तर मला येऊन सांगितलं, की बाई, जनावरांवर जरा लक्ष ठेवा. पूर्वी सराईत बसून तो जन्मसिद्ध हक्कांबद्दल बोलायचा, आता पाण्याच्या उताराबद्दल बोलायला लागला. करांबद्दलही बोलायचा. फार झालेत म्हणायचा.

मे महिन्यात गावाचा प्रतिनिधी निवडायचा होता. कॅप्टन उभे होते. ठरल्याप्रमाणे ट्रास्क मला विचारायला आला. मी म्हटलं, कुणालाही द्या, एक कॅप्टन सोडून. तो बरं म्हणाला, चिठ्ठी लिहून घेऊन गेला आणि दुपारी परत आला तो नेहमीच्या बाकावर न बसता उभाच राहिला.

"मी कॅप्टनला दिलं," तो म्हणाला.

मी हातातला पेला पुसत राहिले.

"ते दलदलीपर्यंत रस्ता काढणार आहेत. रस्ता झाला तर चराचं काम होईल, गवत निघेल. आणि बाई, ज्याची जमीन आहे त्याला जरा वेगळा विचार करावा लागतो. जबाबदारी असते."

"किती महिने झाले जमीन घेऊन?"

"सात."

"कॅप्टनला एवढं समजायला तीन पिढ्या लागल्या," मी म्हटलं. "तुम्ही हुशार आहात."

त्याला ते लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते. तो गेला आणि पुढचे कित्येक महिने आला नाही. कॅप्टन निवडून आले. मला राग त्याच्या मताचा नव्हता. तो खोटं बोलला असता, चिठ्ठी गुप्त होती, मला कधी कळलं नसतं. येऊन खरं सांगितलं, त्यामुळे धड भांडताही येईना.

त्याच उन्हाळ्यात ल्यूस माझ्या दारात उभी राहिली. हातात एक गाठोडं. तिने काम मागितलं. कॅप्टनना सांगून आलीस का, मी विचारलं. ती म्हणाली, "पाद्रीबाबांनी सगळ्यांदेखत वाचलं होतं. कॅप्टननी मान हलवली होती. मी समजले, सांगून झालं." कॅप्टननी निरोपावर निरोप पाठवले. मी उत्तर दिलं की आमच्या गावच्या माननीय प्रतिनिधींनी घटनेतलं पहिलं कलम एकदा वाचून यावं, मग बोलू. दुसऱ्या एका गावात असंच प्रकरण न्यायाधीशापुढे गेल्याचं तेव्हा कानावर येत होतं. कॅप्टन सावध माणूस. ते आले नाहीत. त्यांच्या घरची भाकरी मात्र तेव्हापासून करपलेली असते, असं जेवून आलेले सांगतात.

डिसेंबरात गावसभा लागली. दलदलीच्या रस्त्याचा ठराव शेवटचा होता. आमच्या प्रार्थनाघरात चूल नाही. देवापुढे थंडी वाजू नये अशी समजूत आहे. त्यामुळे हिवाळ्यात सभा तिथे सुरू होते, दहा मिनिटांत तहकूब होते आणि माझ्या शेकोटीपुढे येऊन चालू राहते. त्या दिवशी मी सराई बंद ठेवली. दाराला कुलूप घातलं आणि ल्यूसला घेऊन बहिणीकडे लोकर पिंजायला गेले. कायद्यात कुठेच म्हटलेलं नाही की विधवेने शेकोटी पेटवलीच पाहिजे.

सभेचा वृत्तान्त पुढे चार जणांकडून ऐकला. पहिले दोन ठराव चर्चेसह झाले. तिसऱ्याला शाई गोठली. शेवटच्या ठरावावर बोलायला ट्रास्क उभा राहिला तेव्हा एकाने म्हटलं की एलिफलेट, बस खाली, आमचे पाय गारठून गेले. रस्ता नामंजूर. ठरावाच्या बाजूने दोन हात वर झाले, कारण बाकीच्यांनी हात बाहेर काढलेच नाहीत.

ट्रास्क दुसऱ्या दिवशी आला. नेहमीच्या बाकावर बसला. ल्यूसने त्याच्यापुढे गरम सायडर ठेवली. त्याने पेल्यावर हात शेकले आणि तो म्हणाला की काल जे झालं त्याला विरोध म्हणावा की नकाराधिकार, याचा तो विचार करत होता. मी म्हटलं, त्याला सर्दी म्हणा. तो हसला. या वेळी उशीर केला नाही.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा निवडणूक. तो सकाळीच कोरी चिठ्ठी घेऊन आला आणि म्हणाला की या वेळी विचारणार आणि ऐकणारही. मी एक नाव सांगितलं. ते त्याला पसंत नव्हतं, तो माणूस चांगला पण बहिरा. त्याने एक सांगितलं. तो कॅप्टनचा मेहुणा निघाला. असं दुपार होईपर्यंत चाललं. माझी भाकरी करपली. शेवटी ल्यूस कणीक मळता मळता म्हणाली, की तुम्ही दोघं थांबा, गिरणीवाल्या एनोस पेनचं नाव लिहा.

एनोस पेन म्हणजे ट्रास्कचा घरमालक, जन्मभर पिठात पांढरा झालेला, सभेत कधी तोंड न उघडलेला माणूस. तोच का, असं आम्ही दोघांनी विचारलं.

"मी कॅप्टनकडून दळण घेऊन जायचे तेव्हा तो माझा नंबर आला की मलाच देत असे," ल्यूस म्हणाली. "मागून कुणी टोपीवाला आला तरी."

ट्रास्कने माझ्याकडे पाहिलं. यापेक्षा चांगला मुद्दा सकाळपासून कुणी मांडला नव्हता. त्याने नाव लिहिलं, चिठ्ठीची घडी घातली आणि लंगडत प्रार्थनाघराकडे गेला.

कॅप्टन पुन्हा निवडून आले. एनोस पेनला चार मतं पडली. त्याला ते सांगितलं तर तो घाबरला आणि आपण काय चूक केली असं विचारू लागला. त्यातलं एक मत आम्हा तिघांचं. उरलेली तीन कुणाची, ते अजून कळलेलं नाही. ट्रास्क सराईत येणाऱ्या प्रत्येकाकडे त्या संशयाने बघत असतो.